पन्नास सायकल

गेली बावीस वर्षं मी 'नाही' म्हणायचा पगार घेतो. आमच्या संस्थेत माझ्या दारावर 'वरिष्ठ वैज्ञानिक अधिकारी' अशी पाटी आहे, पण काम एवढंच. अमेरिकेत चार-चार किलोमीटर लांबीच्या नळ्या टाकून दोन डिटेक्टर उभे केलेत. अवकाशात कुठेतरी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की गुरुत्वीय लहरी निघतात, आणि त्या पृथ्वीवरून जाताना त्या नळ्यांची लांबी अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी कमी फरकाने बदलते. तेवढा फरक मोजायचा. साहजिकच ट्रक गेला, वारा सुटला, कोणी दार आपटलं तरी ते यंत्र हलतं. जगभरातली हुशार पोरं काहीतरी सापडल्याचं कळवतात, आणि मी इथे पुण्यात बसून तो ट्रक होता असं त्यांना उलट कळवतो. हे काम पुणेकराकडे देण्यात कोणाची तरी दूरदृष्टी असावी.

कुसुम, म्हणजे माझी बायको, म्हणते की हा माणूस ताट वाढलं तरी आधी 'नको' म्हणतो आणि मग ते पुढे ओढतो. तिचं खरं आहे. अठ्ठावन्न वर्षांचा झालो, निवृत्तीला दोन वर्षं उरली, आणि आता मला या 'नाही'चा कंटाळा आलाय. दमलोय म्हणा. रात्री झोप लागते, सकाळी उठतो, डबा घेऊन जातो, चार जणांच्या आनंदावर पाणी ओततो आणि घरी येतो. त्यातल्या एकालाही माझा राग येत नाही, उलट आभाराचा ईमेल येतो. तो वाचून तर आणखीच दमायला होतं.

या क्षेत्रात मी आलो तो 'हो' म्हणायला मिळेल म्हणून. अभिजात म्हटलं की हल्ली लोकांना मराठीला मिळालेला दर्जा आठवतो, पण आमच्या धंद्यात अभिजात गुरुत्व म्हणजे आइन्स्टाईनचा सिद्धांत, ज्याला क्वांटमचा वाराही लागलेला नाही. तो सिद्धांत कुठेतरी तोकडा पडणार हे सगळ्यांना माहीत आहे. कृष्णविवराच्या काठावर बहुधा पडेल, असाही अंदाज आहे. फक्त पडताना कोणी पाहिलेला नाही. विशीत मला वाटायचं, आपण पाहू. चाळिशीत वाटायचं, निदान आपल्या खोलीतलं कोणीतरी पाहील. पन्नाशीनंतर मी हा विषय मनातून काढून टाकला होता, आणि तेवढ्यात मैत्री आली.

मैत्री ओव्हाळ ही आमच्या गटातली पीएचडीची विद्यार्थिनी. हडपसरची. वडिलांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे आणि घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली. सहावं वर्ष चालू होतं, फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. बोलणं मोजकं. पहिल्या वर्षी मी तिच्या एका कामावर पाच पानांचा नकार लिहून दिला होता. दुसऱ्या दिवशी ती येऊन म्हणाली की तिसऱ्या पानावर तुमची बेरीज चुकली आहे, बाकी मान्य. तेव्हापासून मला ती आवडते. तसं मी तिला कधी सांगितलं नाही, ते निराळं.

तिला सापडलं ते असं. दोन कृष्णविवरं आदळून एक झालं की ते क्षणभर घणघणतं, ओट्यावरून पितळी पातेलं पडावं तसं, आणि गप्प होतं. किती लवकर गप्प व्हायचं हे आइन्स्टाईनच्या सिद्धांतात पक्कं ठरलेलं आहे. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात आवाज खलास. मैत्रीचं पातेलं गप्पच होत नव्हतं. त्या एका धडकेनंतर, जी आजवर नोंदलेल्या सगळ्यात जोरकस धडकांपैकी होती, अगदी बारीक पण स्वच्छ असा एक सूर सेकंदाचा दहावा हिस्सा रेंगाळला होता. अडीचशे हर्ट्झचा सूर. याचा अर्थ विवराच्या काठावर सिद्धांतात नसलेलं काहीतरी आहे. अभिजात गुरुत्वाची हद्द संपते ती जागा सापडली, असा याचा अर्थ.

आमच्या गटाचे प्रमुख रणजित हे ऐकून खुर्चीवरून उठले होते. मी त्यांना उठलेलं फारसं पाहिलेलं नाही. गुरुवारी जगभरच्या हजारभर सहकाऱ्यांसमोर मैत्रीने हे मांडायचं ठरलं. हॉलंडच्या एका विद्यापीठाने तिला तीन वर्षांची जागा देऊ केली होती, पण अट स्पष्ट होती: गुरुवार नीट पार पडला तर. नाहीतर मार्चनंतर काय, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. आणि गुरुवारच्या आधी आमच्या रिवाजाप्रमाणे एक छापील तक्ता भरावा लागतो. अकरा प्रश्न. ट्रक होता का, वीज पडली का, नळीत टांगलेल्या आरशाची दोरी कुरकुरली का. त्या तक्त्यावर माझी सही लागते.

तीन आठवडे मी ते दहा प्रश्न खणत होतो. दहा म्हणतोय, कारण अकरावा प्रश्न असा की सिग्नल साफ करताना वापरलेल्या प्रोग्राममुळेच हे निर्माण झालं नाही ना. तो प्रोग्राम माझाच होता. त्यापुढे मी 'नाही' अशी खूण केली आणि पुढे गेलो. एक सेकंदही लागला नसेल. बाकीच्या दहांसाठी मात्र मी त्या दिवसाचा वारा काढला, तिथल्या रेल्वेचं वेळापत्रक काढलं, भूकंपाच्या नोंदी काढल्या. काहीच सापडेना. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तो सूर दोन्ही डिटेक्टरमध्ये होता. दोघांत तीन हजार किलोमीटरचं अंतर. एकीकडचा ट्रक दुसरीकडे जाऊन घणघणत नाही.

शुक्रवारी दुपारी मी सही केली. बावीस वर्षांतली इतक्या मोठ्या गोष्टीवरची पहिली. सही झाल्यावर मी उठून खिडकीपाशी गेलो आणि मला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं की त्याची भीतीच वाटली. मैत्रीला फोन केला. ती म्हणाली की बाबा तुम्हाला रविवारी जेवायला बोलावतायत, कधीचं म्हणतायत. विद्यार्थ्यांच्या घरी मी जात नाही. त्या दिवशी येतो म्हणालो.

हडपसरला पोचायला कोथरूडहून दीड तास लागला, त्यातला पाऊण तास एकाच सिग्नलला. औद्योगिक वसाहतीच्या मागच्या गल्लीत खाली दुकान आणि वर घर. 'ओव्हाळ मोटर रिवायंडिंग', खाली बारीक अक्षरात 'सबमर्सिबल पंप रिपेर करून मिळेल'. दुकानात तांब्याच्या तारेचा आणि वॉर्निशचा वास. संजय ओव्हाळ पन्नाशीचे, बुटके, बोटांची टोकं कायमची काळी. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि धरूनच ठेवले. मी असल्या प्रसंगी खुळ्यासारखा हसतो, तसा हसलो. त्यांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. गुरुवारपर्यंत बोलायचं नाही अशी मैत्रीची ताकीद होती. फक्त बुद्धविहाराच्या हॉलची पुढच्या रविवारची तारीख त्यांनी घेऊन ठेवली होती, कशासाठी ते न सांगता.

वर स्वयंपाकाला अवकाश होता. मैत्री आईला मदत करत होती. मग संजयरावांनी मला दुकान दाखवायला घेतलं. मीही मन लावून पाहिलं, कारण स्वतःच्या कामाबद्दल माणूस बोलतो तेव्हा तो सहसा खोटं बोलत नाही. जळलेलं वायंडिंग कसं दिसतं, हाताने किती वेढे घालायचे, कुठे फसगत होते. कोपऱ्यात निळ्या रंगाची एक जड मोटर पडली होती. मी ती कुठली म्हणून विचारलं.

"ही अमेरिकेची," ते म्हणाले. "मांजरी गावच्या एका कारखानदारानं जुनी मशीन आणली तिकडून. तिची हाय. चार मेकॅनिकला दाखवून झाली. सगळे म्हणले, खराब हाय, बदला. हळू फिरती आन् तापती." त्यांनी मोटरवरच्या पत्र्याच्या पट्टीवरची धूळ अंगठ्याने पुसली. "हे वाचलंच न्हाई कुणी. तिकडची लाईट साठ सायकलची असती सर. आपली पन्नास. मोटर चांगलीच हाय. लाईट दुसरी हाय."

सायकल म्हणजे हर्ट्झ. जुने वायरमन अजून तसंच म्हणतात. मी मान हलवली, बरोबर म्हणालो, आणि त्या पट्टीवरच्या साठच्या आकड्याकडे बघत उभा राहिलो.

माझा तो सफाईचा प्रोग्राम मी बारा वर्षांपूर्वी लिहिला, आमच्याच तळघरात, टेबलावर मांडलेल्या एका छोट्या डिटेक्टरसाठी. तळघरातल्या ट्यूबलाइटची आणि पंख्याची गुणगुण त्यात यायची. विजेची गुणगुण नेहमी ठरलेल्या सुरात येते, आणि मग त्याच्या दुपटीत, तिपटीत. ते सूर गाळून टाकायचे म्हणून मी हाताने यादी टाइप केली. पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे, अडीचशे. झकास चाललं. पुढे अमेरिकेची माहिती यायला लागली, गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या शोधाची धामधूम उडाली, आणि आमच्या गटाने तोच प्रोग्राम उचलला. यादी नंतर बदलू, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो होतो. अमेरिकेची वीज साठची आहे हे मला काय माहीत नव्हतं? शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण घरातल्या बटणाकडे कोण बघतं? पन्नास हा आकडा मी वाचलाच नाही, कारण तो माझ्या आयुष्यभर भिंतीतून वाहतो आहे.

अडीचशे, म्हणजे पन्नासाची पाचपट. एखादा सूर गाळणारी चाळणी जोरात ठोकली की ती स्वतःच त्या सुरात घणघणते, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. आजवरच्या धडका हळू होत्या किंवा दुसऱ्या सुरात होत्या, म्हणून हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ही जोरकस होती आणि नेमकी अडीचशेवरच वाजली. दोन्ही डिटेक्टरमध्ये सूर सारखा होता, त्यालाच मी मोठा पुरावा मानत होतो. त्या दोघांत सारखी असलेली एकच गोष्ट होती, माझा प्रोग्राम. मैत्रीने खोटे सिग्नल मुद्दाम मिसळून चाचणी घेतली होती, पण ते सफाई झाल्यानंतर मिसळले होते, म्हणजे चाळणीतून गेलेच नव्हते. तसं तिला कोणी शिकवलं, हे वेगळं सांगायला नको.

तेवढ्यात वरून जेवायला हाक आली.

रविवार म्हणून मटण होतं. मैत्रीची आई संकोचून म्हणाली की तुमच्यासाठी पिठलं टाकलंय, मटण चालतं की नाही माहीत नव्हतं. मी मटणच घेतो म्हणालो. खरं तर काय घेतोय याकडे लक्षच नव्हतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, त्याखाली मैत्रीची सगळी प्रशस्तिपत्रकं ओळीने, पहिलीच्या चित्रकलेपासून. समोर ती जेवत होती. तिला इतकं मोकळं मी कधी पाहिलं नव्हतं. हॉलंडमध्ये थंडी किती असते यावर तिचा आणि आईचा वाद चालला होता.

आता जे लिहितो त्याची मला लाज वाटते. रश्श्याची वाटी संपेपर्यंत मी गप्प बसलो, आणि गप्प राहिलं तर काय होईल याचा शांतपणे हिशेब केला. माझा प्रोग्राम कोणी उघडून बघणार नव्हतं. श्याम सरांनी सही केली म्हणजे बघण्यासारखं काही उरलेलं नाही, अशी माझी ख्याती. गुरुवार पार पडला असता. मैत्री गेली असती हॉलंडला. मग दोन-तीन वर्षांनी जर्मनीत किंवा जपानात कोणीतरी तीच माहिती आपल्या प्रोग्राममधून काढली असती, आणि सूर नाही म्हटल्यावर चौकशी सुरू झाली असती. तोवर मी निवृत्त. पेपरवर पहिलं नाव ओव्हाळ. माझी चूक म्हातारपणाच्या खात्यात गेली असती. तिची मात्र तिच्या आडनावाला चिकटली असती, आणि आमच्याकडे असलं चिकटलेलं लोक किती आवडीने जपतात ते मी संस्थेच्या चहाच्या टेबलावर पुष्कळ ऐकलंय. हे सगळं मला कळत होतं. तरीही मी दुसरी भाकरी घेतली.

भाकरी खाली ठेवली ती मैत्रीमुळेच. तिने मला विचारलं की तब्येत बरी आहे ना. माझ्याच्याने खोटं बोलवेना.

"सूर नाहीये, मैत्री," मी म्हणालो. "माझ्या प्रोग्राममध्ये पन्नासची यादी आहे. साठची हवी होती."

तिला समजायला फार वेळ लागला नाही. ती हुशार आहे, हेच दुर्दैव. तिने हात धुतले, आतून लॅपटॉप आणला आणि जेवणाच्या सतरंजीवरच बसून फाईल उघडली. यादी सापडली. पन्नास, शंभर, दीडशे. तिने ते आकडे एकेक करून बदलले. संस्थेच्या संगणकावर काम लावलं, चाळीस मिनिटं दाखवत होतं. ती चाळीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. आईने ताटं उचलली, चहा ठेवला. संजयराव एकदा माझ्याकडे, एकदा मुलीकडे बघत होते.

"मी कायतरी चुकीचं बोललो का सर खाली?" त्यांनी शेवटी हळूच विचारलं.

तुम्ही एकटेच बरोबर बोललात, असं मी त्यांना सांगितलं. मग जमेल तसं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या विद्यार्थ्यांना जे समजायला सहा महिने लागतात ते त्यांना दहा मिनिटांत समजलं, कारण त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. ते म्हणाले, म्हणजे तो आइन्स्टाईन चुकला नाही तर. मी म्हणालो, नाही चुकला. त्यांनी मान डोलावली आणि उठून खिडकीशी गेले. हॉलवाल्याला फोन लावून पुढच्या रविवारचं रद्द केल्याचं सांगितलं. त्याने का म्हणून विचारलं असावं, कारण ते म्हणाले, घरगुती हाय.

आलेख पडद्यावर आला. धडक, घणघण, आणि मग काही नाही. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात सगळं गप्प, शंभर वर्षांपूर्वी कागदावर लिहून ठेवलं होतं तसंच. सरळ, स्वच्छ, निर्जीव रेघ. अभिजात गुरुत्व आणखी एकदा पास. मी त्या रेघेकडे पाहिलं, आणि मैत्रीबद्दल वाईट वाटायच्या आधी मला माझ्याबद्दल वाईट वाटलं. इतका मी थकलो होतो.

मैत्रीने डोळे पुसले नाहीत, कारण ती रडलीच नव्हती. तिने विचारलं, "अकराव्या प्रश्नावर खूण कशी केलीत?"

मी खरं सांगितलं. बघितलंच नाही, प्रोग्राम माझा होता. आणि मला ते खरं असायला हवं होतं. बावीस वर्षं नाही म्हणून म्हणून वीट आला होता, एकदा तरी हो म्हणायचं होतं.

"हो म्हणायला सगळे होते, सर," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "रणजित सर म्हणाले, हॉलंडवाले म्हणाले, बाबा तर मी जन्मले तेव्हापासून म्हणतायत. मी तुमच्याकडे 'नाही' ऐकायला आले होते. त्याच्यासाठीच तीन आठवडे थांबले."

संजयराव खिडकीशी पाठमोरे उभे होते. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, उद्या सकाळी रणजितना भेटून सगळं नीट सांगतो, मग ते ठरवतील कसं कळवायचं ते. मैत्रीने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. हजारभर सहकाऱ्यांना एकदम जाणारा ईमेल तिने उघडून ठेवला होता. आता लिहा, म्हणाली.

मी लिहायला लागलो. अशा गोष्टी लिहायची आमची एक ठराविक भाषा आहे, ती बोटांना पाठ असते. सही मागे घेत आहे, गुरुवारचे सादरीकरण रद्द, सिग्नलमध्ये आढळलेला सूर हा आमच्या प्रोग्राममधील त्रुटीमुळे. मैत्री शेजारी बसून वाचत होती. तिने पडद्यावर एका शब्दाखाली बोट टेकवलं.

"'आमच्या' नाही, सर."

मी तो शब्द खोडला, 'माझ्या' लिहिलं आणि ईमेल पाठवला.